घटक ४ : आजार, उपचार आणि मराठी भाषा

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :

• कर्करोगाविषयी मराठीत वापरल्या जाणाऱ्या शब्दांची व्युत्पत्ती व अर्थच्छटा स्पष्ट करता येतील.
• 'बरे होणे' आणि 'बरे वाटणे' या क्रियापदांतील भेद सांगता येईल.
• विभक्ती व प्रयोग यांवरून वाक्यातील रुग्णाचे स्थान ओळखता येईल.
• 'झुंज' या रूपकाची चिकित्सा करता येईल.
• दीर्घ आजारातील व्यक्तीशी बोलताना भाषेचा विचारपूर्वक वापर करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण न्यायालय, बाजार आणि शासकीय कार्यालय यांमधील भाषाव्यवहाराचा परिचय करून घेतला. या घटकात आपण रुग्णालयातील आणि रुग्णाच्या घरातील भाषेकडे वळणार आहोत. त्यातही एका विशिष्ट अवस्थेचा विचार आपल्याला करायचा आहे. रोग पूर्ण बरा होणार नाही हे निश्चित झाले आहे, तरीही उपचार चालू आहेत. दर काही आठवड्यांनी रुग्णालयात जावे लागते आणि मधल्या दिवसांत घर, शेत, नोकरी, नातवंडे हे सारे चालूच असते. अशा कर्करोगग्रस्ताच्या अवस्थेला आपल्या भाषेत काय म्हणतात?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. आपल्यापैकी काहींनी आई, वडील, पती, पत्नी किंवा भावंड यांची फाईल हातात घेऊन नाशिकच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयाच्या रांगेत वाट पाहिली असेल. काहींनी नाशिकरोडहून पहाटे गाडी पकडून, कसारा घाट उतरून, परळचे टाटा स्मारक रुग्णालय गाठले असेल. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या या रुग्णालयाचे नाव महाराष्ट्रातील घराघरांत नुसते 'टाटा' असे उच्चारले जाते. 'त्यांना टाटाला नेले आहे' एवढ्या वाक्यावरून ऐकणाऱ्याला रोगाचे नाव कळते आणि ते उच्चारण्याची गरज उरत नाही. काही विद्यार्थी स्वतःच उपचार घेत असताना हा अभ्यासक्रम पूर्ण करीत असतील. त्यांनी हा घटक आपल्या सोयीने, थांबत थांबत वाचावा.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ रोगाची नावे

सुश्रुतसंहितेत शरीरात वाढणाऱ्या मोठ्या, खोल रुजलेल्या गाठीला 'अर्बुद' म्हटले आहे. 'कर्करोग' हा शब्द मात्र निराळ्या वाटेने आला. प्राचीन ग्रीक वैद्यांनी या रोगाला खेकड्याचे नाव दिले. लॅटिनमध्ये 'कॅन्सर' म्हणजे खेकडाच. आपल्याकडे 'कर्क' म्हणजे खेकडा, म्हणून 'कर्करोग'. अशा तऱ्हेने परभाषेतील शब्दाची कल्पना घेऊन आपल्या घटकांनी घडवलेल्या शब्दाला भाषाविज्ञानात 'अनुवादित उसना शब्द' म्हणतात.

व्यवहारात मात्र 'कर्करोग' हा शब्द वृत्तपत्र, शासकीय फलक आणि पाठ्यपुस्तक यांपुरता राहिला. घरात 'कॅन्सर' म्हणतात, आणि अनेकदा तेही म्हणत नाहीत. 'गाठ', 'वाईट गाठ', 'मोठा आजार', 'तसला आजार' अशी नावे घेतली जातात. या प्रवृत्तीला 'शब्दनिषेध' असे म्हणतात. रात्री सापाला 'जनावर' म्हणणे आणि देवीच्या रोगाला 'माता' म्हणणे ही तिचीच रूपे होत.

उपचारांच्या नावांतही हेच दिसते. किरणोपचाराला बोलीत 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात. 'शेक' हा घरगुती शब्द. बाळंतिणीचा शेक, गुडघ्याचा शेक. त्यामुळे भीती कमी होते, हा त्याचा लाभ. पण शेकाने त्वचा काळवंडली किंवा घसा सोलवटला, की रुग्ण गोंधळतो. कारण शब्दाने त्याला याची कल्पना दिलेली नसते. सौम्य शब्द दिलासा देतो, परंतु माहिती देईलच असे नाही.

'स्टेज' हा शब्दही असाच तपासून घ्यावा लागतो. रोग शरीरात कितपत पसरला आहे हे सांगणारे ते मोजमाप आहे; उरलेल्या दिवसांची ती मोजणी नव्हे. घरात मात्र 'चौथी स्टेज' हे शब्द 'शेवटची घटका' या अर्थाने ऐकले जातात. चौथ्या टप्प्यावर निदान झालेले काही रुग्ण उपचारांच्या आधारे पुढे काही वर्षे जगतात, हे या ऐकण्यात हरवून जाते.

४.२.२ साध्य, याप्य आणि असाध्य

सामान्य बोलण्यात आपण रोगाच्या दोनच शक्यता मानतो : माणूस बरा होतो किंवा जातो. म्हणून 'बरा होणार नाही' हे वाक्य ऐकताच पुढचे वाक्य आपोआप येते, 'आता काही उपयोग नाही'. या दोन वाक्यांमध्ये महिन्यांचे, कधी वर्षांचेही आयुष्य असू शकते, त्याला नाव नसल्यामुळे ते दिसत नाही.

आपल्या परंपरेत असे नाव होते. चरकसंहितेत रोगांचे चार प्रकार केले आहेत : सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय. पहिला सहज बरा होणारा, दुसरा कष्टाने बरा होणारा, चौथा उपचारांच्या पलीकडचा. तिसरा, 'याप्य', आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हा रोग नाहीसा होत नाही, परंतु उपचार चालू असेपर्यंत तो आवरलेला राहतो आणि रुग्ण जगतो. पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू जसा सावरून धरतो, तसा उपचार अशा रुग्णाला सावरून धरतो, या आशयाचा दृष्टान्त सुश्रुतसंहितेत आहे. 'याप्य' हा शब्द 'या' म्हणजे जाणे या धातूच्या प्रयोजक रूपापासून आला आहे. 'कालयापन' हा त्याच कुळातला शब्द आपण आजही वापरतो. याप्य म्हणजे ज्याच्यासह काळ पुढे न्यायचा आहे ते.

येथे एक गोष्ट स्पष्ट असावी. आपण प्राचीन ग्रंथांतून शब्द आणि वर्गीकरण घेत आहोत. कर्करोगाचा उपचार कोणता घ्यावा, हे तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचे असते.

'याप्य' हा शब्द आज प्रचारात नाही. पण त्याचा अर्थ मराठीने सोडलेला नाही. जुनी माणसे म्हणत, 'तिने मोठे दुखणे काढले.' येथील 'काढणे' हे क्रियापद पाहा. 'दिवस काढणे', 'पावसाळा काढणे', 'दुखणे काढणे' : यांत काळ सोसत, सांभाळत पुढे नेण्याचा अर्थ आहे. तेच 'यापन'. तसेच मराठी 'बरे होणे' आणि 'बरे वाटणे' यांत भेद करते. 'बरे होणे' हे रोगाविषयीचे विधान आहे. ते तपासणीच्या अहवालावरून ठरते. 'बरे वाटणे' हे व्यक्तीच्या अनुभवाचे विधान आहे; ते तिनेच सांगायचे असते. रोग बरा होत नसतानाही माणसाला आज बरे वाटू शकते. वेदना आटोक्यात आल्याने रात्री झोप लागली, सकाळी अंगणात बसता आले, तर 'आज बरे वाटते' हे वाक्य पूर्ण खरे आहे. त्यात फसवणूक नाही.

या भेदाचा व्यावहारिक उपयोग मोठा आहे. 'उपचार सुरू आहेत' हे वाक्य संदिग्ध असते, कारण उपचाराचा हेतू त्यात सांगितलेला नसतो. केमोची तीच सलाईन एका रुग्णाला रोग नाहीसा करण्यासाठी, तर दुसऱ्याला रोग आटोक्यात ठेवण्यासाठी लावलेली असू शकते. म्हणून डॉक्टरांना साध्या मराठीत विचारण्यासारखा प्रश्न असा : 'हा उपचार रोग बरा करण्यासाठी आहे, की आटोक्यात ठेवण्यासाठी, की त्रास कमी करण्यासाठी?' उत्तर कोणतेही असो, ते कळल्यावर शेत विकायचे की नाही, मुलीचे लग्न केव्हा करायचे, परीक्षेचा अर्ज भरायचा की नाही, हे ठरवता येते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

अ) योग्य पर्याय निवडा. 'याप्य' म्हणजे : (१) सहज बरा होणारा रोग (२) उपचारांनी आवरून ठेवता येणारा रोग (३) उपचारांपलीकडचा रोग.
आ) 'बरे होणे' व 'बरे वाटणे' यांतील भेद दोन वाक्यांत लिहा.

४.२.३ 'मला' आणि 'मी' : वाक्यातील रुग्णाचे स्थान

शालेय व्याकरणात भावकर्तरी प्रयोगाचे ठरलेले उदाहरण आपण पाठ केले आहे : 'मला मळमळते.' या वाक्यात स्वतंत्र कर्ता नाही; क्रियेचा भाव हाच कर्ता. केमोनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण हेच वाक्य बोलतो, तेव्हा व्याकरणाचे म्हणणे किती नेमके आहे हे लक्षात येते. मळमळ कोणी करीत नाही, ती होते.

'मला गाठ झाली' या वाक्यात क्रियापद 'गाठ' या शब्दाप्रमाणे चालते. माणूस 'ला' प्रत्ययासह अनुभव घेणारा म्हणून उभा असतो. अशा नामाला आधुनिक भाषाविज्ञानात 'अनुभवक' म्हणतात. मराठीची ही घडण रोगाचा दोष माणसाकडे देत नाही. रोग ही त्याची कृती नव्हे, त्याच्या वाट्याला आलेली गोष्ट आहे.

आता पुढील दोन वाक्ये पाहा.

१) बाबा जेवत नाहीत.
२) बाबांना जेववत नाही.

पहिल्या वाक्यात 'बाबा' कर्ता आहेत. न जेवणे ही त्यांची कृती ठरते, आणि कृती म्हटली की हट्ट, हेकेखोरपणा यांचा आरोप मागोमाग येतो. 'जेवत नाही म्हणूनच अशक्तपणा आला' असे घरातील प्रत्येक जण बजावतो. दुसऱ्या वाक्यात 'जेववणे' हे शक्य क्रियापद आहे. सामर्थ्य उरलेले नाही एवढेच ते सांगते. वाढलेल्या कर्करोगात भूक मंदावणे हा बहुधा रोगाचाच परिणाम असतो. ताट पुढे करणाऱ्या सुनेच्या मनात प्रेमच असते. पण वाक्य पहिले असते. वाक्य दुसरे झाले, तर ताटाच्या जागी दोन चमचे पेज येते, आणि भांडणाच्या जागी 'थोड्या वेळाने घ्याल का?' हा प्रश्न.

याच्या उलट बाजूही पाहिली पाहिजे. दीर्घ आजारात कुटुंबाच्या बोलण्यातून रुग्ण हळूहळू कर्म बनतो : 'त्यांना दाखवले', 'त्यांना नेले', 'त्यांना सलाईन लावले', 'त्यांना सांगू नका'. वाक्ये आदरार्थी असतात; पण त्यांत 'ते' कर्ता म्हणून कोठेही नसतात. फाईल मुलाच्या हातात, अहवाल जावयाच्या मोबाइलवर, आणि ज्याचे शरीर आहे तो दाराबाहेरच्या बाकावर. न सांगण्यामागे माया असते, हे नाकारता येणार नाही. तथापि, रुग्णाला बहुतेक वेळा अंदाज आलेला असतो. तोही घरच्यांना जपण्यासाठी बोलत नाही. दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली जाते आणि बोलण्यासाठी उरलेला वेळ निघून जातो. सगळे एकदम सांगून टाकणे हा यावरचा उपाय नव्हे. 'तुम्हाला आजाराविषयी किती जाणून घ्यायला आवडेल?' असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर 'मला नको, मुलालाच सांगा' असेही येऊ शकते. तेव्हाही निर्णय रुग्णाचाच असतो. तो कर्ताच राहतो.

कायद्यानेही या 'मी'ला स्थान दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी दिलेल्या निर्णयानुसार, बरे होण्याची शक्यता नसलेल्या अवस्थेत कोणते उपचार नकोत हे प्रौढ व्यक्तीला आधी लिहून ठेवता येते. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची प्रक्रिया सुलभ करण्यात आली. असा दस्तऐवज प्रथमपुरुषी, कर्तरी वाक्यांतच लिहिला जातो.

सूत्ररूपाने सांगायचे, तर आजाराच्या वाक्यात 'मला' असावे आणि निर्णयाच्या वाक्यात 'मी'.

४.२.४ 'झुंज' या रूपकाची परीक्षा

'कर्करोगाशी सुरू असलेली त्यांची झुंज अखेर अपयशी ठरली.' हे वाक्य आपण निधनवार्तांत वारंवार वाचतो. अमेरिकन लेखिका सुझन सॉन्टॅग यांनी स्वतः कर्करोगाचे उपचार घेतल्यानंतर १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आजाराभोवतीच्या अशा युद्धरूपकांची चिकित्सा केली. मराठीच्या संदर्भात आपण ती व्याकरणाच्या आधारे करू शकतो.

'झुंज देणे' या क्रियापदाचा कर्ता रुग्ण असतो. 'मला झाले' या घडणीतून बाहेर काढून हे रूपक त्याला योद्धा बनवते. काहींना त्यातून बळ मिळते. रुग्ण स्वतः म्हणत असेल, 'मी लढणार', तर तो त्याचा अधिकार आहे. अडचण शेवटच्या शब्दाशी येते. झुंज म्हटली की हार-जीत आली; आणि 'अपयशी' हा शब्द मृत व्यक्तीला लागतो. ज्याने दोन वर्षे नेमाने उपचार घेतले, त्याच्या आयुष्याचा निकाल 'अनुत्तीर्ण' असा लावला जातो. उपचार थांबवून घरी राहू इच्छिणारा माणूस तर पळपुटा ठरतो.

मराठीत दुसरे एक रूपक आधीपासून रुळलेले आहे : 'दवाखान्याच्या वाऱ्या'. हा प्रयोग कंटाळा व्यक्त करतो हे खरे. पण 'वारी' या शब्दाचा मूळ अर्थ नेमाने पुन्हा पुन्हा जाणे असा आहे. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाणारा वारकरी कोणाला हरवायला निघालेला नसतो. वारीत हार-जीत नसते. सोबत असते, मुक्काम असतात, परतणे असते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरणाऱ्या, गावोगावहून उपचारांसाठी आलेल्या कुटुंबांच्या जगण्याला हे रूपक अधिक जवळचे आहे. मात्र रुग्णाच्या थकव्यावर भक्तीचा मुलामा देण्यासाठी ते वापरू नये.

आणि 'तिने दुखणे काढले' या वाक्याकडे पुन्हा वळू. हा कर्मणी प्रयोग आहे. कर्ता 'तिने' असा तृतीयेत आहे, म्हणजे कृती तिचीच आहे. क्रियापद 'दुखणे' या कर्माप्रमाणे चालते, म्हणजे दुखण्याचे वजनही वाक्यात आहे. शत्रू नाही, पराभव नाही. निधनानंतरही हे वाक्य खोटे ठरत नाही.

४.२.५ दोन उदाहरणे

पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता (सुनंदा) अवचट या त्याच्या संस्थापक. कर्करोग झाल्यानंतरही त्या केंद्राचे काम करीत राहिल्या. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. डॉ. अनिल अवचट यांचे 'सुनंदाला आठवताना' हे पुस्तक मराठी वाचकांना परिचित आहे. आपल्या चर्चेच्या दृष्टीने मुद्दा असा, की इतरांचे आजार हाताळणारी व्यक्ती स्वतः रुग्ण होते, तेव्हाही तिचे काम 'झुंज' या एका शब्दात मावत नाही. 'त्या काम करीत राहिल्या' हे साधे वाक्य अधिक सांगते.

दुसरे उदाहरण सार्वजनिक जीवनातील आहे. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर फेब्रुवारी २०१८ मध्ये आजारी पडले. मुंबई, न्यूयॉर्क आणि दिल्ली येथे त्यांच्यावर उपचार झाले. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी २७ ऑक्टोबर २०१८ रोजी जाहीरपणे सांगितले. ३० जानेवारी २०१९ रोजी, नाकात नळी असताना, त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. १७ मार्च २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. या कालखंडातील बातम्यांत भाषाभ्यासकाला दोन प्रश्न दिसतात. रोगाचे नाव किती काळ रुग्णाचे खासगी असते आणि केव्हा सार्वजनिक होते? आणि अर्थसंकल्पाच्या त्या दिवसाला कोणी 'झुंज' म्हटले, कोणी ही दगदग टाळायला हवी होती असे म्हटले. या दोन्ही वाक्यांत त्यांची स्वतःची इच्छा कर्तास्थानी आहे का? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो. विद्यार्थ्यांनी तो करून पाहावा.

४.२.६ परिहार सेवा

रोग बरा होणार नसताना वेदना, धाप, मळमळ, चिंता यांचा भार कमी करणाऱ्या सेवेला इंग्रजीत 'पॅलिएटिव्ह केअर' म्हणतात. त्यातील मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पांघरूण, झगा असा आहे. मराठीत तिला 'परिहार सेवा' म्हटले जाते. 'श्रमपरिहार' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे : कार्य पार पडल्यावर थकवा उतरवण्यासाठीची पंगत. परिहार म्हणजे दूर करणे. ही सेवा मृत्यूच्या दारातच सुरू करायची असते, हा समज चुकीचा आहे. केमो चालू असतानाही ती घेता येते. मुंबईतील वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झालेले 'शांती आवेदना सदन' ही अंतिम अवस्थेतील कर्करोगग्रस्तांसाठीची भारतातील पहिली संस्था. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली. तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. अफूपासून येणारे म्हणून घरात त्याची धास्ती असते आणि 'शेवटचे औषध' असे त्याला नाव पडते. वस्तुतः ते तीव्र वेदनेचे औषध आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण ते दीर्घकाळ घेऊ शकतो. भारतात ते रुग्णांपर्यंत सुलभपणे पोहोचावे म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती करण्यात आली.

मराठीत 'दुखणे' म्हणजे वेदनाही आणि आजारही. 'दुखणाईत' म्हणजे रुग्ण. आधुनिक परिहार सेवेच्या प्रवर्तक सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये आपले रुग्णालय सुरू केले. वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची अशी एकत्र असते, हे त्यांचे प्रतिपादन. आपला 'दुखणे' हा शब्द यातील कोणतीही वेदना बाहेर ठेवत नाही. म्हणून दुखणाइताला 'रिपोर्ट काय आला?' एवढेच विचारून थांबू नये. 'आज कसे वाटते?' हेही विचारावे, आणि उत्तरासाठी थांबावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

अ) 'मला मळमळते' या वाक्यातील प्रयोग ओळखा.
आ) 'आईला चालवत नाही' आणि 'आई चालत नाही' यांतील अर्थभेद सांगा.
इ) 'झुंज अपयशी ठरली' या वाक्यप्रयोगावरील मुख्य आक्षेप कोणता?

४.३ सारांश

कर्करोगाची मराठी नावे शब्दनिषेध आणि सौम्योक्ती यांनी घडलेली आहेत. 'बरा होणार' आणि 'उपयोग नाही' या दोन टोकांमध्ये 'याप्य' ही तिसरी अवस्था आहे. 'दुखणे काढणे', 'बरे वाटणे', 'आटोक्यात ठेवणे' हे शब्दप्रयोग तिला व्यक्त करतात. मराठीची अनुभवक रचना रोगाचा दोष रुग्णाकडे देत नाही. निर्णयांच्या वाक्यांत मात्र त्याचे कर्तेपण राखणे ही बोलणाऱ्यांची जबाबदारी आहे. 'झुंज' हे रूपक काहींना बळ देते, पण मृत व्यक्तीला पराभूत ठरवते.

४.४ पारिभाषिक शब्द

अनुभवक : क्रिया करणारा नव्हे, तर अवस्था अनुभवणारा वाक्यघटक.
शब्दनिषेध : भय, संकोच वा श्रद्धा यांमुळे विशिष्ट शब्दाचा उच्चार टाळणे.
सौम्योक्ती : अप्रिय गोष्ट सौम्य शब्दांत सांगणे.
शक्य क्रियापद : क्रिया करण्याचे सामर्थ्य दाखवणारे क्रियापद.
परिहार सेवा : त्रास कमी करून जगणे सुसह्य करणारी वैद्यकीय व मानसिक सेवा.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) पर्याय (२). आ) 'बरे होणे' हे रोगाविषयीचे, तपासणीने ठरणारे विधान आहे. 'बरे वाटणे' हे व्यक्तीच्या अनुभवाचे, तिनेच करायचे विधान आहे.

प्रश्न २ : अ) भावकर्तरी प्रयोग. आ) पहिल्यात चालण्याचे सामर्थ्य नाही, दुसऱ्यात न चालणे ही आईची कृती ठरते. इ) आजाराला हार-जीतीच्या चौकटीत बसवून मृत व्यक्तीला अपयशी ठरवले जाते.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१) 'साध्य–याप्य–असाध्य' या वर्गीकरणाची आजच्या रुग्ण-डॉक्टर संवादातील उपयुक्तता २५० शब्दांत स्पष्ट करा.
२) 'आजाराच्या वाक्यात मला, निर्णयाच्या वाक्यात मी' या सूत्राचे सोदाहरण विवेचन करा.
३) 'दवाखान्याच्या वाऱ्या' आणि 'आजाराशी झुंज' या दोन रूपकांची तुलना करा.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील वृत्तपत्रांच्या एका महिन्याच्या अंकांतून आजारपणाचा उल्लेख असलेल्या दहा निधनवार्ता जमवा. त्यांतील क्रियापदे व रूपके यांची नोंद करा आणि प्रत्येक वार्तेतील एक वाक्य, मृत व्यक्तीचे कर्तेपण आणि सन्मान राखून, पुन्हा लिहा. नोंदवहीत व्यक्तींची नावे लिहू नका. आपल्या घरी कोणी दुखणाईत असेल, तर या कार्यासाठी त्यांना प्रश्न विचारू नका. त्यांच्याशी फक्त बोला. त्या बोलण्याची नोंद सादर करावयाची नाही.